पेनाला कसले आले स्त्री-पुरुष?

प्रतिनिधी

२ सप्टेंबर १९४५. टोकियोच्या उपसागरात उभ्या असलेल्या 'मिसुरी' या अमेरिकी युद्धनौकेवर जपानच्या शरणागतीच्या दस्तऐवजावर सह्या होत होत्या. दोस्त राष्ट्रांच्या वतीने सही करणाऱ्या जनरल डग्लस मॅकआर्थर यांनी या एका सहीसाठी एकामागून एक अनेक पेने वापरली. पहिली दोन त्यांनी मागे उभ्या असलेल्या जनरल वेनराइट आणि जनरल पर्सिव्हल यांच्या हाती दिली. तीन वर्षांपूर्वी जपानपुढे शस्त्रे खाली ठेवण्याची वेळ आलेले हे दोन सेनानी. सही पूर्ण करताना मॅकआर्थर यांनी वापरलेले पेन मात्र इतरांहून निराळे होते. लहानसे, लालसर नारिंगी रंगाचे पार्कर. ते त्यांच्या पत्नीचे, जीन मॅकआर्थर यांचे होते, अशी या प्रसंगाच्या वृत्तान्तांत नोंद आहे. दुसऱ्या महायुद्धाचा शेवट कागदावर आणणाऱ्या सहीतील काही अक्षरे अशी बायकोच्या पेनाने लिहिली गेली. त्यामुळे ना सहीचे वजन घटले, ना सेनापतीचे.

आज तसेच पेन एखाद्या दुकानात काचेच्या कपाटातून बाहेर काढायला सांगितले, तर विक्रेत्याचा पहिला प्रश्न बहुधा असा असेल : ''मॅडमसाठी हवे आहे का?'' जाड, काळे, सोनेरी क्लिपचे पेन 'जेण्ट्स' आणि सडपातळ, फिकट रंगाचे, एखादा खडा बसवलेले पेन 'लेडीज' ही विभागणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कोणी, कधी आणि कशासाठी केली, हा प्रश्नच मनात येत नाही. कपडे आणि चपला यांच्याप्रमाणे पेनही स्त्री-पुरुषांच्या शरीररचनेनुसार वेगवेगळे बनत असावे, असा आपला समज असतो. फाउंटन पेनाचा सुमारे १४० वर्षांचा इतिहास चाळला, तर हा समज टिकत नाही. ही वाटणी आधी कपड्यांनी केली आणि मग जाहिरातींनी ती पक्की केली. हाताचा तीत वाटा फारच थोडा.

प्रश्न खिशाचा होता

न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमन यांना १८८४ मध्ये फाउंटन पेनाचे पेटंट मिळाले. निबेखाली बसवलेल्या पट्टीतील बारीक खाचांमधून शाई खाली उतरते आणि तिची जागा घेण्यासाठी तेवढीच हवा वर जाते. शाईचा प्रवाह असा आवरला गेल्याने पेन भळाभळा गळणे कमी झाले आणि दौत सोबत बाळगण्याची गरज संपली. लिहिण्याचे साधन प्रथमच खऱ्या अर्थाने माणसाबरोबर हिंडू लागले. साहजिकच, ते ठेवायचे कोठे, हा प्रश्न निर्माण झाला.

पुरुषांना या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागले नाही. त्यांच्या कोटाला आणि जाकिटाला खिसे होतेच. पेन त्यातून पडू नये म्हणून टोपणाला क्लिप आली. वॉटरमन कंपनीने १९०५ मध्ये क्लिप असलेले टोपण बाजारात आणले. त्या काळातील पाश्चात्त्य स्त्रियांच्या पोशाखाला मात्र पेन सहज मावेल असा खिसा क्वचितच असे. म्हणून त्यांच्यासाठी टोपणाच्या माथ्यावर छोटी कडी बसवण्यात आली. या कडीत रेशमी फीत किंवा साखळी ओवून पेन गळ्यात अडकवायचे अथवा कमरेला लावायचे. आता गळ्यात लोंबणारे पेन लांबलचक असून कसे चालेल? म्हणून ते आखूड झाले. आखूड झाले म्हणून त्यात शाई कमी मावू लागली, निबही बारकी बसू लागली. 'बायकांचे पेन लहान असते' या समजुतीचा उगम हा असा आहे. तिचा संबंध बोटांशी नाही, शिंप्याशी आहे.

विशेष म्हणजे, कडीची आखूड पेने पुरुषही वापरत होते. जाकिटाच्या खिशातील घड्याळाच्या साखळीला ते ती अडकवीत. जर्मनीतील कावेको कंपनीने १९११ च्या सुमारास काढलेल्या खिशात मावणाऱ्या आखूड पेनाची शिफारस तर 'स्त्रिया, लष्करी अधिकारी आणि खेळाडू' अशा तिघांसाठी एकत्रितपणे केली होती. वरवर पाहता या तिघांत काय साम्य? साम्य एवढेच, की तिघांनाही लहान जागेत मावणारे आणि न गळणारे पेन हवे होते. गरज पाहून पेन बनवले की स्त्री आणि सैनिक एकाच ओळीत येऊन उभे राहतात, याचा हा चांगला दाखला आहे. बंद असताना जेमतेम साडेदहा सेंटिमीटर भरणारे कावेकोचे हे 'स्पोर्ट' पेन बदललेल्या रूपात आजही बनते.

खिशाचा प्रश्न इतिहासजमा झाला आहे, असेही नाही. अमेरिकेतील 'द पुडिंग' या प्रकाशनाने २०१८ मध्ये २० ब्रँडच्या जीन्सचे खिसे मोजले. स्त्रियांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या जीन्सच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के कमी खोल आणि साडेसहा टक्के अरुंद निघाले. आपल्याकडे साडीला खिसा नाहीच. त्यामुळे पुरुषाचे पेन शर्टाच्या खिशात उभे राहते आणि स्त्रीचे पर्समध्ये आडवे पडते. या फरकाचे परिणाम नक्कीच आहेत, पण ते रंगाचे वा खड्यांचे नाहीत. लोकलच्या किंवा बसच्या धक्क्यांनी पर्समध्ये आडव्या पडलेल्या पेनातील शाई टोपणात उतरते, नुसते दाबून बसवलेले टोपण सैल होते. म्हणून पर्समध्ये पेन ठेवणाऱ्या व्यक्तीला आटे असलेले, फिरवून घट्ट बसणारे टोपण अधिक उपयोगी. 'लेडीज पेन' म्हणून विकल्या जाणाऱ्या पेनांच्या जाहिरातींत या गोष्टीचा उल्लेख सहसा आढळत नाही.

जाहिरातीतील कुटुंब

कपड्यांनी निर्माण केलेला फरक बाजाराने कसा वापरला, हे पाहायचे तर पार्करच्या 'ड्युओफोल्ड' या पेनाची कथा लक्षात घ्यावी लागेल. १९२१ मध्ये हे पेन बाजारात आले तेव्हा बहुतेक फाउंटन पेने काळ्या रबराची होती. त्यांत हे भडक नारिंगी-लाल पेन उठून दिसले. त्याची किंमत सात डॉलर, म्हणजे त्या काळाच्या मानाने भरपूर होती आणि सोबत २५ वर्षांची हमी होती. पुढे जाहिरातींत ड्युओफोल्डचे जणू एक कुटुंबच दिसू लागले. थोरले सात डॉलरचे, त्याहून लहान 'ज्युनिअर' पाच डॉलरचे आणि तेवढ्याच किमतीचे 'लेडी ड्युओफोल्ड'. या शेवटच्या पेनाला क्लिपऐवजी कडी असे आणि पर्समध्ये मावणारे अशी त्याची ओळख करून दिली जाई. कर्त्या पुरुषाचे एक, वयात येणाऱ्या मुलाचे एक आणि बाईचे एक. तिघांचा रंग एकच होता, घडण एकच होती. फरक होता तो आकाराचा आणि त्या आकाराला दिलेल्या नावाचा.

पण नावातच सारे काही असते. 'लहान पेन' असे म्हटले असते, तर लहान पेन आवडणाऱ्या कोणाही पुरुषाने ते बिनदिक्कत घेतले असते आणि मोठे पेन आवडणाऱ्या स्त्रीला 'सीनिअर' मागताना अवघडल्यासारखे झाले नसते. 'लेडी' म्हटल्याबरोबर आवडीनिवडीच्या जागी ओळख येऊन बसली.

त्यानंतरचा टप्पा १९५८ चा. शेफर या अमेरिकी कंपनीने 'लेडी शेफर' ही पेनांची मालिका काढली. शाईच्या तयार कार्ट्रिजवर चालणारी ही पेने कापडाच्या पोतांवरून सुचलेल्या नक्षीने सजवलेली होती. पेन हे लिहिण्याचे साधन आहे, यापेक्षा ते पोशाखाला शोभणारा अलंकार आहे, यावर विक्रीचा भर होता. ही पेने दिसायला देखणी होती आणि संग्राहक आजही ती शोधत असतात. त्यांच्या देखणेपणाला कोणाचीच हरकत असू नये. प्रश्न एवढाच, की पुरुषांच्या पेनांबद्दल बोलताना शाई किती मावते, निब किती टिकते, हमी किती वर्षांची, हे सांगितले जात होते. स्त्रियांच्या पेनांबद्दल बोलताना ते कोणत्या पोशाखावर खुलून दिसेल, हे सांगितले जाऊ लागले. ग्राहकाला काय विचारायचे असते, याचा निर्णय ग्राहकाने प्रश्न विचारण्याआधीच झालेला होता.

या परंपरेचा कळस बॉल पेनांच्या बाजारात झाला. बिक कंपनीने 'फॉर हर' या नावाने खास स्त्रियांसाठी म्हणून गुलाबी-जांभळ्या छटांची पेने विकायला काढली. २०१२ मध्ये इंटरनेटवरील विक्रीच्या पानांवर ग्राहकांनी त्यांची यथेच्छ टर उडवली. 'इतकी वर्षे पुरुषांच्या पेनाने लिहीत होते, आता सुटका झाली', अशा आशयाच्या उपरोधिक अभिप्रायांचा तेथे पाऊस पडला आणि अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांनाही विषय मिळाला. हसून सोडून देण्याजोगी ही गोष्ट वाटेल. पण तिला किमतीची बाजूही आहे. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०१५ मध्ये खेळणी, कपडे, प्रसाधने अशा ७९४ वस्तूंची तुलना केली, तेव्हा स्त्रियांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तू तशाच पुरुषी वस्तूंपेक्षा सरासरी सात टक्के महाग आढळल्या. नुसत्या रंगाचे आणि नावाचे पैसे ग्राहकाच्या खिशातून जातात. बहुधा, ज्या खिशात पेन मावत नाही, त्याच खिशातून.

गुलाबी नेमका कोणाचा?

स्त्री म्हणजे गुलाबी आणि पुरुष म्हणजे निळा किंवा काळा, हे समीकरणही वाटते तितके जुने नाही. लहान मुलांच्या कपड्यांच्या व्यवसायासाठी निघणाऱ्या एका अमेरिकी नियतकालिकाने १९१८ मध्ये गुलाबी रंग मुलग्यांसाठी आणि निळा मुलींसाठी सुचवला होता. गुलाबी हा अधिक ठाम आणि निळा अधिक नाजूक, असे त्याचे कारण देण्यात आले होते. पुढे काही दशकांत हेच समीकरण उलटे झाले आणि जणू ते निसर्गानेच ठरवले आहे, असे मानले जाऊ लागले.

आपल्याकडे लांब जायला नको. लग्नाच्या वरातीत गुलाबी फेटा बांधून मिरवणाऱ्या पुरुषांना कोणी बायकी म्हणत नाही. मिशीवर ताव देत मिरवणारा तोच गृहस्थ दुसऱ्या दिवशी कार्यालयात गुलाबी पेनाने सही करताना मात्र संकोचतो. फेट्याला परंपरेचे पाठबळ आहे, पेनाला जाहिरातीचे. नक्षीचेही तसेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाश्चात्त्य पुरुष फुलापानांची, चांदी-सोन्याच्या जाळीची पेने अभिमानाने वापरत होते. तो त्या काळी संपन्नतेचा पुरावा होता.

रंगाचा संबंध स्त्री-पुरुषांशी न जोडता अन्य गोष्टींशी जोडल्याची उदाहरणेही आपल्या सरकारी कचेऱ्यांत सापडतात. केंद्र सरकारच्या कार्यालयीन कार्यपद्धतीनुसार फायलीवर लिहिण्यासाठी निळी वा काळी शाई वापरायची असते. हिरव्या वा लाल शाईची मुभा सहसचिव आणि त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यांना, तीही क्वचित प्रसंगी. म्हणजे येथे रंग हा हुद्द्याचा आहे. ज्या खुर्चीवर जी व्यक्ती बसेल, तिला तो मिळतो, मग ती स्त्री असो वा पुरुष. रंगांना अर्थ आपण देतो आणि आपणच तो बदलू शकतो, एवढे यातून स्पष्ट व्हावे.

हात काय सांगतो?

एवढे सगळे मान्य केले, तरी एक आक्षेप उरतो. स्त्रियांचे हात पुरुषांच्या हातांपेक्षा लहान असतातच ना? मग त्यांना लहान आणि बारीक पेन सोयीचे ठरणार नाही का? हा आक्षेप गंभीरपणे तपासायला हवा, कारण तो निव्वळ समजुतीवर आधारलेला नाही.

अमेरिकी लष्कराने १९८८ मध्ये केलेल्या शरीरमापनात पुरुषांच्या हाताची सरासरी लांबी सुमारे १९.४ सेंटिमीटर आणि स्त्रियांच्या हाताची सुमारे १८ सेंटिमीटर आढळली. फरक आहे, पण तो दीड सेंटिमीटरच्या आतबाहेर आहे. शिवाय हा सरासरीतील फरक आहे. अनेक स्त्रियांचे हात अनेक पुरुषांपेक्षा मोठे असतात. काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या ग्राहकाचा हात किती मोठा आहे, हे त्याच्याकडे पाहून दिसते. त्यासाठी आधी तो पुरुष आहे की स्त्री, हे पाहून अंदाज बांधण्याचे कारण नाही.

दुसरे असे, की लहान हाताला बारीक पेनच सोयीचे, हे गृहीतकही तपासून घेण्यासारखे आहे. पेन जितके बारीक, तितके ते पकडून ठेवण्यासाठी बोटांना अधिक आवळावे लागते. पाने भरभरून लिहिणाऱ्यांची बोटे दुखतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. संधिवात असलेल्यांना जाड पकडीचे पेन सुचवले जाते ते याच कारणाने. उलट, भरदार हाताच्या माणसालाही हलके, सडपातळ पेन आवडू शकते. पेन कसे धरले जाते, कागदाशी ते किती कोन करते, लिहिताना हात किती दाबला जातो आणि लिखाण दोन ओळींचे आहे की दहा पानांचे, यावर सोय अवलंबून असते. हे सर्व माणसागणिक बदलते.

हातांमधील खरा, लिखाणावर थेट परिणाम करणारा फरक पाहायचा असेल, तर तो डाव्या आणि उजव्या हातांचा आहे. सुमारे १० टक्के माणसे डावखुरी असतात. डावीकडून उजवीकडे लिहिताना त्यांची निब कागदावर ओढली जाण्याऐवजी ढकलली जाते आणि ओली शाई हाताला पुसली जाते. लॅमी, पेलिकन अशा काही कंपन्या डावखुऱ्यांसाठी वेगळ्या निबा देतात. त्यांना लवकर वाळणारी शाईही उपयोगी पडते. आपल्या दुकानांत 'जेण्ट्स' आणि 'लेडीज' असे कप्पे सहज आढळतात. डावखुऱ्यांसाठी मात्र क्वचितच एखादा कप्पा दिसेल.

कालचे मर्दानी, आजचे नाजूक

पेनाचा आकार हा शरीराचा नसून काळाचा विषय आहे, याचा सर्वात ठळक पुरावा 'पार्कर ५१' देते. १९४१ मध्ये बाजारात आलेले, झाकलेल्या निबेचे हे पेन जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर लांब आणि सडपातळ होते. मे १९४५ मध्ये जर्मनीने शरणागती पत्करली तेव्हा सह्यांसाठी वापरलेली पेने जनरल आयझेनहॉवर यांनी विजयचिन्हासारखी हातात धरली, ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. ती पेने 'पार्कर ५१' होती. त्यांच्या सडपातळपणामुळे कोणाच्याही पौरुषाला बाधा आल्याचे ऐकिवात नाही. १९५० मध्ये आलेले पेलिकनचे ४०० हे पेनही त्या काळी जर्मनीत सर्वसाधारण आकाराचेच समजले जाई. त्याच्या आजच्या अवताराला, म्हणजे 'एम ४००' ला, अनेक जण 'बायकांच्या हाताला शोभणारे' म्हणतात.

या अवधीत पुरुषांची बोटे काही जाड झालेली नाहीत. बदलले ते पेनाचे काम. बॉल पेन आणि नंतर संगणक आल्यावर रोजच्या लिखाणासाठी फाउंटन पेनाची गरज उरली नाही. ते प्रतिष्ठेचे, पदाचे आणि सहीचे साधन बनले. १९५२ मध्ये आलेले माँ ब्लाँचे सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचे, जाडजूड '१४९' हे पेन पुढच्या काळात उद्योगपतींच्या आणि राष्ट्रप्रमुखांच्या हातात दिसू लागले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पार्करनेही ड्युओफोल्ड नव्याने बाजारात आणले, ते भरदार आकारात. मोठी खुर्ची, मोठे टेबल आणि मोठे पेन अशी ही सत्तेची भाषा. आणि सत्ता पुरुषाकडे असते हे गृहीत धरल्याने मोठे पेन पुरुषाचे झाले.

अपवाद मात्र याच कंपनीने पुरवले. लेखकांच्या नावाने काढलेल्या खास मालिकेत माँ ब्लाँने १९९३ मध्ये अगाथा ख्रिस्ती यांच्या नावाचे पेन काढले. ते काळे आणि भरदार होते, क्लिपच्या जागी माणकासारख्या लाल डोळ्यांचा चांदीचा साप. ना गुलाबी, ना चिमुकले. संग्राहकांत या पेनाला आजही मोठी मागणी आहे.

आपल्याकडील लेखणी

महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक पदर आहे. पाश्चात्त्य स्त्रीपुढे कोणते पेन घ्यावे, हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा आपल्याकडे स्त्रीने लेखणी हाती धरावी की नाही, यावरच वाद चालला होता. शिकलेल्या बाईच्या नवऱ्याच्या ताटातील अन्नात अळ्या पडतात, असे सांगून मुलींना पाटी-लेखणीपासून दूर ठेवले जात होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली ती अशा वातावरणात. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा जळजळीत निबंध १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. वॉटरमन यांच्या पेटंटला तेव्हा दोन वर्षे अवकाश होता. म्हणजे ताराबाईंच्या हाती फाउंटन पेन असण्याची शक्यता नव्हती. होती ती दौतीत बुडवायची लेखणी. तिने काय लिहिले गेले, हे आज लक्षात आहे.

यानंतर फाउंटन पेन आपल्याकडे आले, ते स्वदेशी की विदेशी हा प्रश्न घेऊन. आंध्रातील राजमहेंद्रीच्या रत्नम् यांनी बनवलेले पेन मिळाल्यावर महात्मा गांधींनी जुलै १९३५ मध्ये वर्ध्याहून त्यांना पत्र लिहिले आणि परदेशी पेनांना ते चांगला पर्याय असल्याचे कळवले. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईच्या भुकटीपासून सुरू केलेला उद्योग पुढे 'कॅमलिन' या नावाने घराघरांत पोहोचला. या पेनांना आणि शाईला स्त्री-पुरुष असा भेद नव्हता. शाळेत शाईचे पेन वापरण्याची परवानगी मिळाली, की मुलगा आणि मुलगी एकाच दुकानातून एकसारखेच पेन आणत आणि दोघांच्याही बोटांना सारखीच शाई लागे.

पेन हे आपल्याकडे साक्षरतेचे आणि अधिकाराचे चिन्हही बनले. गावोगावच्या पुतळ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कोटाच्या खिशाला लावलेले पेन आवर्जून दाखवलेले असते. ज्यांना अक्षरे नाकारली गेली, त्यांच्यासाठी खिशावर दिसणाऱ्या त्या पेनाचा अर्थ फार मोठा आहे. शर्टाच्या खिशाला पेन लावून हिंडणारा मास्तर किंवा कारकून 'लिहिणारा माणूस' म्हणून दुरूनच ओळखू येत असे. लिहिणाऱ्या बाईचे पेन मात्र पर्समध्ये राहिले, म्हणून ते दिसले नाही. एखाद्या अधिकारी स्त्रीला बढतीच्या निमित्ताने भेट देताना तिच्या पुरुष सहकाऱ्यासारखे भारदस्त पेन न देता नाजूक 'लेडीज' पेन दिले जाते, तेव्हा देणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसतो. तरीही तिच्या सहीचे वजन त्याने नकळत थोडे कमी लेखलेले असते.

मग निवडायचे कसे?

पेन निवडताना स्वतःला विचारावयाचे प्रश्न अगदी साधे आहेत. पहिला, पेन कशासाठी हवे? वहीत पानेच्या पाने लिहायची असतील, तर हलके आणि पकडायला पुरेसे जाड पेन बरे. लॅमीचे 'सफारी' हे प्लास्टिकचे पेन अवघे १७ ग्रॅमच्या आसपास भरते. १९८० मध्ये ते शाळकरी मुलांसाठी म्हणून बनवले गेले आणि वयाची, लिंगाची कोणतीच मर्यादा न पाळता जगभर वापरले गेले. दिवसाकाठी चार सह्याच करायच्या असतील, तर जड पेनाचाही त्रास होत नाही.

दुसरा प्रश्न निबेचा. बारीक निब बायकांची आणि ठसठशीत निब पुरुषांची, असा आणखी एक समज आहे. वास्तविक हे अक्षराच्या आकारावर आणि कागदावर ठरते. देवनागरीत शिरोरेघेवर मात्रा आणि वेलांट्या, खाली उकार, शिवाय जोडाक्षरे. बारीक अक्षर काढणाऱ्याने जाड निब घेतली, तर 'ध', 'भ', 'क्ष' यांच्या गाठी शाईने भरून जातात. जपानी कंपन्यांची बारीक निब साधारणपणे युरोपीय कंपन्यांच्या बारीक निबेहून अधिक बारीक असते, हेही लक्षात ठेवावे. रोजच्या वापरातील स्वस्त कागदावर शाई फुटते, त्यामुळे तेथे बारीक निब उपयोगी. मोठे, मोकळे अक्षर असेल आणि कागद चांगला असेल, तर जाड निबेची मजा काही औरच.

तिसरा प्रश्न तोल. टोपण मागे लावून आणि न लावता, दोन्ही प्रकारे लिहून पाहावे. लहान पेन टोपण मागे लावले की बहुधा पुरेसे लांब होते, तर काही मोठी पेने मागे जड होऊन हातातून उलटू पाहतात. चौथा प्रश्न, पेन कोठे ठेवणार? शर्टाच्या खिशात, पर्समध्ये, दप्तरात की टेबलावर? क्लिप, टोपण आणि लांबी यांचा निर्णय त्यावरून करावा. हे चारही प्रश्न झाल्यावर मग रंग. आणि रंगाबाबत मात्र कोणाचेही ऐकू नये.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'लेडीज पेन' या कल्पनेचा विरोध करताना गुलाबी, नक्षीदार किंवा चिमुकले पेन आवडणाऱ्या स्त्रीला नाक मुरडणे, हा तोच दोष दुसऱ्या बाजूने करण्यासारखे आहे. तिला ते मनापासून आवडत असेल, तर तेवढे कारण पुरे. काळे, भरदार पेन आवडणाऱ्या पुरुषानेही त्याचे स्पष्टीकरण देत बसण्याची गरज नाही. आक्षेप आहे तो आवडीला नव्हे, तर माणसाने तोंड उघडण्यापूर्वी त्याची आवड ठरवून टाकण्याला. गुलाबी पेनाकडे वळलेला हात मागे घेणारा मुलगा आणि जाड पेन मागताना 'हे साहेबांसाठी' असे खोटेच सांगणारी स्त्री, दोघांचेही यात नुकसान आहे.

मराठी भाषेने या बाबतीत कधीच पक्षपात केलेला नाही. आपल्याकडे बोरू तो, टाक तो, लेखणी ती, दौत ती, फाउंटन पेनाला दिलेले 'झरणी' हे नावही ती आणि पेन मात्र ते. लिहिणाऱ्याने हाताला येईल ते घेतले आणि लिहिले. म्हणून यापुढे कोणाला पेन भेट द्यायचे झाले, तर दुकानदाराच्या 'लेडीज की जेण्ट्स?' या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये. शक्य असेल तर त्या व्यक्तीलाच सोबत न्यावे. तिच्या रोजच्या वापरातील कागदाचे एक पान बरोबर ठेवावे आणि त्यावर तिला आपले पूर्ण नाव, पत्ता आणि सही चार-पाच पेनांनी लिहू द्यावी. पाच मिनिटांत जे पेन ती खाली ठेवायला तयार होणार नाही, ते तिचे.